वडिलांच्या उशाशी ठेवलेली रोजनिशी

धर्मग्रामातील दहावी-बारावीच्या मुलामुलींशी बोलताना दोन तक्रारी हटकून कानी पडतात. एक : आईबाबांचे माझ्याकडे लक्ष नसते. दुसरी : आईबाबा सारखे माझ्यावर लक्ष ठेवून असतात. या तक्रारी दोन निरनिराळ्या घरांतून आल्या असत्या तर त्यांत नवल वाटण्यासारखे काही नव्हते. परंतु पुष्कळदा त्या एकाच मुलाच्या तोंडून, एकाच संध्याकाळी ऐकावयास मिळतात, आणि त्या मुलाला त्यांत काही विसंगती आहे असे वाटत नाही. मराठी भाषेने 'लक्ष देणे' आणि 'लक्ष ठेवणे' यांत एका क्रियापदापुरतेच अंतर राखले आहे. आपण पहिली गोष्ट करीत आहोत, असे पालक समजतात. मुलाच्या अनुभवाला दुसरी येते.

हा प्रश्न आजच्या काळाने निर्माण केला, असे सर्वसाधारणपणे बोलले जाते. शिकवण्या, दोघांच्या नोकऱ्या, मोबाइल अशी कारणांची यादी आपणा सर्वांना पाठ आहे. इतिहासाच्या वाचकाला मात्र येथे वेगळीच अडचण भासते, आणि ती साधनांची आहे. बापाने मुलाला लिहिलेली पत्रे इतिहासात विपुल आहेत. मुलाने बापाविषयी त्याच वयात, त्याच दिवशी काय मानले हे सांगणारा कागद सहसा मागे राहत नाही. संत अगस्तीन यांनी आपल्या सोळाव्या वर्षाची हकिगत लिहिली आहे. आई मोनिका यांनी केलेला उपदेश त्या वयात आपल्याला बायकी वाटला आणि तो मानण्याची लाज वाटली, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आहे. परंतु ते लिहिताना त्यांनी चाळिशी ओलांडली होती, ते धर्माचार्य झाले होते आणि आई देवाघरी गेली होती. ती पश्चात्तापाच्या प्रकाशात पाहिलेली कुमारावस्था आहे. थागास्ते येथील त्या सोळा वर्षांच्या मुलाने त्या रात्री रोजनिशी लिहिली असती तर तिच्यात काय आले असते, हे कोणी सांगावे?

म्हणूनच अ‍ॅन फ्रँक या मुलीच्या रोजनिशीकडे मी वारंवार वळतो. ज्यूंच्या संहाराचा दस्तऐवज म्हणून ती जगाला ठाऊक आहे आणि तिचे ते स्थान अबाधित आहे. पण तिची जी पाने आपण घाईने उलटतो, त्यांत दुसरा एक दस्तऐवज दडलेला आहे. तेराव्या वाढदिवसापासून पंधरा वर्षे पुरी होऊन पुढे काही आठवड्यांपर्यंत एका मुलीला आपल्या आईवडिलांचे वागणे कसे दिसले, याची ती जवळजवळ सलग नोंद आहे. शिवाय या मुलीला घराबाहेर पडता येत नव्हते. इतर मुले शाळा, मैदान, मित्र यांच्या आडोशाने पालकांपासून काही तास दूर राहतात. हिला ती सोय नव्हती.

कुटुंबाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. ऑटो फ्रँक यांचा जन्म १८८९ मध्ये फ्रँकफुर्ट येथे झाला. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात अधिकारी होते. १९२५ मध्ये त्यांचा विवाह आखेन येथील एडिथ हॉलेंडर यांच्याशी झाला. एडिथ त्यांच्याहून सुमारे अकरा वर्षांनी लहान होत्या. थोरली मार्गॉट १९२६ ची, धाकटी अ‍ॅन १२ जून १९२९ ची. हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आला आणि त्याच वर्षी ऑटो अ‍ॅमस्टरडॅमला गेले. मुरंब्यासाठी लागणारे पेक्टिन विकण्याचा व्यवसाय त्यांनी तेथे उभा केला व पाठोपाठ कुटुंबाला बोलावून घेतले. मुली डच भाषेत वाढल्या. एडिथ यांना ती भाषा आणि तो देश अखेरपर्यंत पुरता आपला वाटला नाही, असे दिसते. १९३९ मध्ये त्यांची आई त्यांच्याकडे आली. जानेवारी १९४२ मध्ये ती वारली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत हे कुटुंब भूमिगत झाले. अ‍ॅनची रोजनिशी वाचताना हा तपशील मनात ठेवणे अगत्याचे आहे. ज्या स्त्रीला मुलगी रुक्ष म्हणते, ती स्वतः नुकतीच पोरकी झालेली आहे, परक्या भाषेत जगत आहे आणि आपले काय होणार हे तिला बहुधा घरातील इतर सर्वांपेक्षा अधिक स्पष्ट दिसत आहे.

५ जुलै १९४२ रोजी मार्गॉटला जर्मनीतील सक्तीच्या कामासाठी हजर होण्याचा हुकूम आला. ती सोळा वर्षांची होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी चौघे प्रिन्सेनग्राख्त २६३ या, ऑटो यांच्या कचेरीच्या इमारतीतील मागच्या भागात लपले. आठवड्याभराने फान पेल्स कुटुंब त्यांच्या पंधरा वर्षांच्या पीटरसह तेथे आले. नोव्हेंबरमध्ये फ्रिट्झ फेफर हे दंतवैद्य आले. आठ माणसे, दोन वर्षे आणि जवळजवळ एक महिना. दिवसा खाली वखारीत कामगार असत, म्हणून पाऊल वाजवायचे नाही. फेफर आल्यावर मार्गॉट आईवडिलांच्या खोलीत झोपू लागली आणि तेरा वर्षांच्या अ‍ॅनला एका परक्या प्रौढ पुरुषासोबत खोली वाटून घ्यावी लागली. ही व्यवस्था कोणी व का ठरविली, आणि मुलीला विचारले होते काय, असा प्रश्न आज आपल्या मनात येतो. जागा नव्हती, हे त्याचे उत्तर आहे; पण ते उत्तर मुलीला पुरले नाही, हेही तितकेच खरे आहे.

ऑटो यांचे मुलींकडे लक्ष होते, याचे पुरावे त्या भिंतींवर आजही आहेत. गुप्तपणे सामान हलविताना त्यांनी अ‍ॅनची नटनट्यांच्या छायाचित्रांची जमवाजमव आठवणीने आधीच तेथे नेऊन ठेवली होती. ती चित्रे तिने आपल्या खोलीच्या भिंतीवर चिकटविली. १९६० मध्ये तेथे संग्रहालय झाले, आणि पाहणाऱ्याला ती आजही दिसतात. दुसऱ्या एका भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत. मुलींची उंची वेळोवेळी मोजून आईवडिलांनी त्या ओढल्या. लपण्याच्या त्या काळात अ‍ॅन सुमारे १३ सेंटिमीटर वाढली. ऑटो मुलींना शिकवीत, वाचून दाखवीत, कोणती पुस्तके कोणत्या वयात द्यावयाची हे ठरवीत. ज्यू धर्माचे असूनही मुलीला नव्या कराराची ओळख असावी म्हणून त्यांनी १९४३ च्या अखेरीस तिच्यासाठी मुलांचे बायबल मागविले. रात्री झोपण्यापूर्वी तिची प्रार्थना तेच ऐकत.

पुस्तकांवरून होणारे तंटे मात्र शेजारच्या कुटुंबात अधिक रंगत. सप्टेंबर १९४२ मध्ये पीटरने एक मना केलेले पुस्तक उचलले, वडिलांनी ते काढून घेतले, त्याने ते पुन्हा पळविले, आणि शिक्षा म्हणून त्याला उपाशी वर पाठविले गेले. काही वेळाने धुराड्याच्या नळीतून त्याचा आवाज आला की मी खाली येणारच नाही. वडील संतापून उठले. हा सारा प्रकार पोलिसांना ऐकू गेला असता तर तेथील सातही जणांचे प्राण गेले असते. तरीही तो घडला. मरणाच्या छायेतसुद्धा पंधरा वर्षांचा मुलगा पंधरा वर्षांचाच राहतो आणि बाप बापच!

आता मूळ विषयाकडे येतो. एवढे लक्ष देणाऱ्या घराविषयी मुलगी काय लिहिते? वडिलांवर तिचे निरतिशय प्रेम आहे. 'पिम' हे त्यांचे लाडके नाव पानोपानी येते. आईविषयी मात्र ती कठोर आहे, काही ठिकाणी निष्ठुर. आईचे बोलणे तिला टोचते, आईचा विनोद बोचतो, आई मार्गॉटची बाजू घेते. ऑक्टोबर १९४२ मध्येच तिने वडिलांना सांगून टाकले की आपले आईपेक्षा त्यांच्यावर अधिक प्रेम आहे. हे वय आहे, निघून जाईल, अशा अर्थाची समजूत त्यांनी घातली.

तिच्या तक्रारींपैकी दोन मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली वरकरणी अगदी क्षुल्लक आहे. लपण्यापूर्वी केव्हातरी आई, मार्गॉट आणि ती दंतवैद्याकडे गेल्या होत्या. अ‍ॅनने सायकल आणली होती. परतताना त्या दोघींना बाजारात जावयाचे होते. सायकल असल्यामुळे तुला येता येणार नाही, असे त्यांनी तिला सांगितले. तिच्या डोळ्यांत रागाने पाणी आले आणि त्या दोघी हसल्या. तिने भर रस्त्यात त्यांना जीभ काढून दाखविली. बस्स, एवढीच गोष्ट. पण जानेवारी १९४४ मध्ये, ज्या शहरात तिच्या ओळखीची माणसे दररोज पकडून नेली जात होती तेथे बसून, ती हा प्रसंग लिहून काढते आणि ही जखम अजून भरलेली नाही असे सांगते. आईला तो प्रसंग बहुधा संध्याकाळपर्यंतही आठवला नसेल.

दुसरी तक्रार त्याच सुमाराची आहे आणि ती आजच्या पालकांनी लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. एडिथ यांनी म्हटले होते की आपण मुलींकडे मुली म्हणून पाहण्यापेक्षा मैत्रिणी म्हणून अधिक पाहतो. हे आपल्याला किती आधुनिक, किती समंजस वाटते! पालकसभांतून आम्ही धर्मगुरू हाच सल्ला देत आलो आहोत. अ‍ॅनला ते मुळीच मानवले नाही. मैत्रीण आईची जागा घेऊ शकत नाही, असे तिचे म्हणणे. जिच्याकडे पाहून शिकावे, जिला आदराने मान द्यावा, अशी आई तिला हवी होती. जवळीक साधण्याचा आईचा प्रयत्न मुलीला जबाबदारी टाळण्यासारखा दिसला. एडिथ यांची यात काय चूक, हे मला अद्याप उलगडलेले नाही.

२ एप्रिल १९४३ या तारखेखाली नोंदलेला प्रसंग तर मला कधीच विसरता येत नाही. अ‍ॅन अंथरुणावर पडून वडिलांची वाट पाहत होती. त्यांना उशीर होणार होता, म्हणून आई आली, पलंगावर बसली, आणि आज तुझी प्रार्थना मी ऐकू का, असे तिने हळुवारपणे विचारले. मुलीने नकार दिला. आई उठली, क्षणभर घुटमळली, दाराशी गेली आणि वळून म्हणाली की मला तुझ्यावर रागवायचे नाही, माया काही जबरदस्तीने मागता येत नाही. तिच्या डोळ्यांतून अश्रू ओघळत होते. रात्रीचा बराच वेळ ती रडत होती, हे दुसऱ्या दिवशी घरात सर्वांना ठाऊक झाले. वडिलांची अपेक्षा होती की मुलीने क्षमा मागावी. तिने मागितली नाही. जे खरे आहे त्याबद्दल क्षमा कशी मागावयाची, असा तिचा पवित्रा होता.

येथे साधनचिकित्सेचा एक मुद्दा आहे. तो रुक्ष वाटला तरी वाचकांनी सोसावा, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. अ‍ॅनची रोजनिशी एकाहून अधिक रूपांत अस्तित्वात आहे. पहिले रूप म्हणजे तिने त्या त्या दिवशी वहीत लिहिलेला मजकूर. २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून डच नभोवाणीवर मंत्री बोल्केस्टाइन यांनी सांगितले की युद्धानंतर सामान्यांच्या रोजनिश्या व पत्रे जमा करण्यात येतील. ते ऐकून अ‍ॅनने पुस्तक काढण्याच्या उद्देशाने मे १९४४ पासून सुट्या कागदांवर सारे नव्याने लिहावयास घेतले. हे दुसरे रूप. तिसरे रूप ऑटो यांनी या दोहोंतून युद्धानंतर सिद्ध केले. पहिल्या रूपातील डिसेंबर १९४२ ते डिसेंबर १९४३ या वर्षाच्या वह्या सापडलेल्या नाहीत. म्हणजे प्रार्थनेचा तो प्रसंग आज आपल्याला केवळ दुसऱ्या रूपात उपलब्ध आहे. तो जसा वाचतो तसा तो पंधरा वर्षांच्या अ‍ॅनने, घटनेनंतर वर्षभराने, छापण्यासाठी म्हणून उतरविलेला आहे. दरम्यान पीटरविषयीचा बराच मजकूर तिने स्वतःच गाळला होता. हा प्रसंगही तिला गाळता आला असता, कारण त्यात तिची बाजू उजळ दिसत नाही. तिने तो ठेवला, आईच्या अश्रूंसह ठेवला.

ती बदलत होती याचे आणखी पुरावे आहेत. २ जानेवारी १९४४ रोजी तिने जुनी पाने चाळली आणि आईविषयी आपण लिहिलेले वाचून ती हादरली. एवढा द्वेष आपल्या लेखणीतून उतरला कसा, असे ती स्वतःला विचारते. आपण स्वतःत गुरफटलो होतो, दुसऱ्या बाजूचा विचार केला नाही, हे ती मान्य करते. मात्र लगेच असेही म्हणते की हे शब्द आईच्या काळजात जाण्यापेक्षा कागदावर उतरले हे बरेच झाले. आणि चारच दिवसांनी दंतवैद्याच्या प्रसंगाची जखम उघडते! ज्यांना मुलांच्या वाढीत सरळ रेषा पाहावयाची सवय आहे, त्यांनी या दोन नोंदी एकापाठोपाठ एक वाचाव्यात.

वडिलांशी खटका उडाला तो मे १९४४ मध्ये. माळ्यावर पीटरसोबत घालविलेल्या संध्याकाळी हे कारण होते. ऑटो यांनी मुलीशी बोलून तिला वर फारसे जाऊ नये असे सुचविले. तोंडी उत्तर देण्याऐवजी अ‍ॅनने पत्र लिहिले आणि ते वडिलांच्या खिशात टाकले. मी आता स्वतंत्र आहे, माझ्या कठीण काळात तुम्ही कोणी मला मदत केली नाही, माझ्या कृत्यांचा जाब मी फक्त स्वतःला देणे लागते, असा त्या पत्राचा आशय. आयुष्यभर ज्या मुलीवर जीव टाकला, तिच्याकडून आलेले हे वाक्य वाचून त्या माणसाला काय वाटले असेल? त्यांनी आपले दुःख लपविले नाही. दोघे बोलले, दोघे रडले. ७ मे रोजी अ‍ॅनने लिहिले की आपण आयुष्यातील सर्वांत वाईट गोष्ट केली. तिला वडिलांच्या रागाची नव्हे, त्यांच्या दुखावण्याची लाज वाटली.

तरीही १५ जुलै १९४४ च्या दीर्घ नोंदीत ती वडिलांच्या बाबतीत पुन्हा त्याच ठिकाणी येते, या खेपेस शांतपणे. पिमने माझ्यासाठी सारे केले, पण एक केले नाही, असा तिचा सूर आहे. स्वतःशी चाललेला माझा झगडा हीच माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती, हे त्यांना उमगले नाही. ते मला नेहमी या वयाची लक्षणे, इतर मुली, हेही दिवस जातील, असेच ऐकवीत राहिले. तिला 'या वयाची एक मुलगी' म्हणून नव्हे तर अ‍ॅन म्हणून पाहिले जावयास हवे होते. ऑक्टोबर १९४२ मधील त्या समजुतीच्या बोलण्याला पावणेदोन वर्षांनंतर आलेले हे उत्तर होते. आपले आदर्श, आपली रोजनिशी आपण वडिलांना कधी दाखविली नाही, हेही ती नमूद करते.

रोजनिशी दाखविली नाही. पण ठेवली होती कोठे? ऑटो यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले की रात्री ती त्यांच्या पलंगाशेजारी, त्यांच्या ब्रीफकेसमध्ये असे, आणि ती वाचणार नाही असे वचन त्यांनी मुलीला दिले होते. दोन वर्षे ती त्यांच्या हाताच्या अंतरावर होती. त्यांनी ती उघडली नाही.

हे वाचताना मला माझ्या सेमिनरीतील दिवस आठवतात. कनिष्ठ सेमिनरीत आमची येणारी-जाणारी पत्रे वरिष्ठ वाचीत. त्या काळी ती रीतच होती आणि त्यामागे वाईट हेतू नव्हता. आईला ते ठाऊक होते, म्हणून ती पत्रात केवळ खुशाली कळवी आणि बोलावयाचे ते भेटीच्या रविवारी पदराआडून आणलेल्या सुकेळ्यांच्या पुडीसोबत बोले. मी त्या भेटी लवकर आटोपत असे. इतर मुलांसमोर तिची वसईची बोली मला अवघड वाटे. अ‍ॅनची रोजनिशी मी प्रथम वाचली ती त्याच इमारतीच्या ग्रंथालयात, आणि माझी संपूर्ण सहानुभूती अर्थातच अ‍ॅनकडे होती. पन्नाशी उलटल्यावर तेच पुस्तक पुन्हा हाती घेतले तेव्हा दाराशी वळून उभी राहिलेली ती बाई मला प्रथमच दिसली.

४ ऑगस्ट १९४४ रोजी सकाळी पोलीस आले. त्यांचा अधिकारी कार्ल झिल्बरबाउअर याला दागिने व पैसे नेण्यासाठी काहीतरी हवे होते. त्याने ऑटो यांची ब्रीफकेस उचलली आणि तिच्यातील कागद जमिनीवर ओतले. ज्या वह्यांना वडिलांनी हात लावला नव्हता, त्या अशा रीतीने उघड्यावर पडल्या. आश्रितांना मदत करणाऱ्या मीप खीस आणि बेप फोस्काउल यांनी ते कागद गोळा केले. मीप यांनी ते न वाचता कचेरीतील खणात ठेवून दिले.

८ ऑगस्टला सर्वांना वेस्टरबोर्क येथे नेण्यात आले, ३ सप्टेंबरला तेथून आउश्विट्झला निघालेल्या शेवटच्या गाडीत कोंबण्यात आले. आता रोजनिशी नाही. पुढचे आपल्याला बरोबरच्या कैदी स्त्रियांच्या साक्षींतून कळते, आणि त्या साक्षींत एका गोष्टीबद्दल एकवाक्यता आहे : आई आणि दोन्ही मुली एकमेकींना सोडीत नव्हत्या. अ‍ॅनला खरजेमुळे वेगळ्या बराकीत टाकण्यात आले व मार्गॉट तिच्यासोबत गेली, तेव्हा एडिथ यांनी बाहेरून भिंतीखालची माती उकरून मुलींना पाव पोहोचविला, असे एकीने सांगितले आहे. आउश्विट्झबाहेर काम करणाऱ्या एका टोळीत जाण्याची, म्हणजे जगण्याची, संधी आली असताना अ‍ॅनला जाता येत नव्हते म्हणून आई आणि बहीण मागे राहिल्या, असे दुसरीने सांगितले आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस मुलींना बर्गन-बेल्सन येथे हलविण्यात आले. आई मागेच राहिली. त्यानंतरही ती पावाचे तुकडे मुलींसाठी म्हणून जपून ठेवीत असे. ६ जानेवारी १९४५ रोजी एडिथ यांचा मृत्यू झाला. तीन आठवड्यांनी छावणी मुक्त झाली. मुली बहुधा फेब्रुवारीत, टायफसच्या साथीत गेल्या.

या दोन महिन्यांत अ‍ॅनने आईविषयी काय विचार केला असेल, हे लिहिलेले कोठेच नाही. मुलाने पालकांविषयी दिलेल्या साक्षीत नेमके हेच वैगुण्य असते. ती मध्येच तुटते.

ऑटो ३ जून १९४५ रोजी अ‍ॅमस्टरडॅमला परतले. पत्नी गेल्याचे त्यांना वाटेतच कळले होते. जुलैमध्ये मुलींचेही कळले, आणि मीप यांनी खणातील कागद त्यांच्या हाती दिले. ते एका बैठकीत वाचू शकले नाहीत. थोडेथोडे वाचीत गेले. आपण या मुलीच्या अत्यंत जवळ होतो अशी त्यांची समजूत होती. वहीतील मुलगी मात्र त्यांना अनोळखी वाटली. तिच्या विचारांची खोली, तिची स्वतःवरील कठोर टीका, यांपैकी काहीच त्यांना ठाऊक नव्हते. बहुतेक आईबापांना आपली मुले खऱ्या अर्थाने ठाऊक नसतात, या निष्कर्षाला आपण आलो, असे त्यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितले. हे बोलणारा बाप निष्काळजी नव्हता. भिंतीवर उंचीच्या रेघा ओढणारा तो बाप होता.

निवडक भागांचे जर्मन भाषांतर त्यांनी प्रथम बाझेल येथील आपल्या वृद्ध आईसाठी केले. इतिहासकार यान रोमाइन यांनी एप्रिल १९४६ मध्ये 'हेट पारोल' या पत्रात त्यावर लेख लिहिला, आणि २५ जून १९४७ रोजी पुस्तक निघाले. ते सिद्ध करताना ऑटो यांनी एडिथविषयीची काही कडवट पाने गाळली. त्यांच्यावर याबद्दल पुष्कळ टीका झाली. मला ती अन्यायाची वाटते. पत्नी स्वतःचा बचाव करावयास जिवंत नव्हती, आणि जगासमोर ती केवळ एका रागावलेल्या मुलीच्या शब्दांतून उभी राहणार होती. नवऱ्याने दुसरे काय करावयास हवे होते? संपूर्ण मजकूर चिकित्सक आवृत्तीच्या रूपाने १९८६ मध्ये, ऑटो यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी प्रसिद्ध झाला.

तरीही तो संपूर्ण नव्हता. १९९८ मध्ये कळले की ऑटो यांनी पाच पाने एका विश्वासू सहकाऱ्याच्या हाती ठेवली होती. त्यांतील एक नोंद ८ फेब्रुवारी १९४४ ची आहे. तिचा विषय आहे आईवडिलांचा विवाह. वडील आईला मान देतात, पण पत्नीवर करावे तसे प्रेम त्यांनी तिच्यावर केलेले नाही, आणि आईला ते ठाऊक आहे, असा या मुलीचा तर्क आहे. आपण कधीच पहिल्या स्थानी असणार नाही, हे जाणून ती वर्षानुवर्षे जगली. तिचा कडवटपणा तेथून आला असेल, असे ती लिहिते. तर्क बरोबर होता की नाही हे आपण ठरवू शकत नाही, आणि ठरवूही नये. पण आईला आई म्हणून नव्हे, तर दुखावलेली एक स्त्री म्हणून अ‍ॅनने पाहिले ते या पानावर. जे पान वडिलांनी सर्वांत काळजीपूर्वक लपविले, त्याच पानावर मुलीने आईला समजून घेतले होते.

मार्गॉटही रोजनिशी लिहीत असे. अ‍ॅनने एके ठिकाणी तसा उल्लेख केला आहे. घरातील ती गुणी, शांत मुलगी; तिच्यावरून कधी तंटा झाला नाही, तिने कोणाच्या खिशात पत्र टाकले नाही. त्याच आईविषयी, त्याच वडिलांविषयी, त्याच खोलीत बसून तिने काहीतरी लिहिले होते. मीप यांनी जमिनीवरून वेचलेल्या कागदांत ती वही नव्हती, आणि ती आजतागायत सापडलेली नाही.